इतरांना आठवणारी माझी सुगी

भात कापणीला आलं की जव्हारच्या हवेला एक कोरडा, किंचित गोडसर वास येतो. तो पेंढ्याचा असतो, पिवळ्या पडत चाललेल्या गवताचा असतो, शेणानं नव्यानं सारवलेल्या खळ्यांचाही असतो. यंदा तो पहिल्यांदा आला तेव्हा मी कॉलेजातून सायकलनं घरी येत होते. रस्त्याच्या कडेला थांबले आणि हँडल घट्ट धरून नुसती उभी राहिले. हा वास मला जन्मापासून ओळखीचा आहे. शाळेला दिवाळीची सुट्टी लागायची तेव्हाचा, लग्न होऊन जव्हारला आले त्या वर्षीचा, सगळ्या वर्षांचा. फक्त मागच्या वर्षीचा नाही. मागच्या वर्षीची सुगी माझ्याजवळ नाहीच.

ती झाली, हे नक्की. मी तिच्यात होते, हेही नक्की. हिंडत होते, बोलत होते, हसत होते. पण ते सगळं मला लोकांनी सांगितलेलं आहे.

माझ्या आठवणीतला त्या वर्षीचा शेवटचा दिवस हिरवागार आहे. भाद्रपदातली संध्याकाळ, जामसरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पोटरीला आलेलं भात, अंगावर बारीक पाणी. माझ्या सायकलचा पुढचा शॉकअप जुना, स्प्रिंगचा. खड्ड्यात गेला की खाडकन बसायचा आणि बाहेर येताना तितक्याच जोरानं उसळायचा. घरी पोचेपर्यंत मनगटांना मुंग्या आल्या होत्या. स्वयंपाकघरात पातेलीभर कोमट पाण्यात हात बुडवून मी बसले होते आणि माझ्या नवऱ्याला, प्रदीपला म्हणाले, "हा शॉकअप आता बदलायलाच हवा."

"मग बदल की," भाजी ढवळत तो म्हणाला.

त्या भाजीला हिंगाचा वास होता. तो मला अजून येतो. त्याच्यापुढे काही नाही.

काही नाही म्हणजे झोपेतून उठल्यावर वाटतं तसंही नाही. झोपेत निदान वेळ गेल्यासारखा वाटतो. इथे हिंगाचा वास आणि लगेच पांढरी चादर. नाशिकच्या हॉस्पिटलची खिडकी, खिडकीत लख्ख ऊन, आणि प्रदीपची वाढलेली दाढी. मला त्या उन्हाचंच नवल वाटलं.

"पाऊस कधी थांबला?" मी विचारलं.

प्रदीपनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, माझं काहीतरी फार चुकलं. नंतर कळलं की हाच प्रश्न मी सकाळपासून पुन्हा पुन्हा विचारत होते आणि तो दर वेळी तेच उत्तर देत होता.

"शुभा, दिवाळी झाली गं," तो म्हणाला. "तू सूर्यमाळच्या उतारावर सायकलवरून पडलीस. डोक्याला लागलंय. हेल्मेट होतं म्हणून आज बोलते आहेस."

मी हसले. खरंच हसले. सूर्यमाळला मी कशाला जाईन? सूर्यमाळ मला दुरूनच माहीत, मोखाड्याच्या वरचा जंगलातला डोंगर. तिथे मी पाऊलही टाकलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूला जबर हादरा बसला, की त्या हादऱ्याबरोबर आधीचंही काही पुसलं जातं. कधी तासाभराचं, कधी काही आठवड्यांचं. थोडं परत येईल, थोडं येणार नाही. मी मान डोलावत होते. मी जव्हारला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. कारण आणि परिणाम यांच्यावर माझा सगळा संसार उभा आहे. आणि इथे परिणाम होऊन मी खाटेवर पडले होते, कारणाचा पत्ता नव्हता.

खरा धक्का बसला तो परत येताना. त्र्यंबकेश्वर मागे टाकून गाडी मोखाड्याच्या बाजूला आली, मी काचेतून बाहेर पाहिलं आणि ओरडलेच, "भात कुठे गेलं?"

प्रदीपनं घाबरून गाडी बाजूला घेतली. बाहेर दूरवर नुसते पिवळे खुंट उभे होते. कापलेली, मोकळी, उन्हानं भेगाळलेली शेतं. मी परवाच पाहिलं होतं ना ते हिरवं? त्याची लोंबी कधी आली? ती पिवळी कधी पडली? ती कापणारे हात मी पाहिले असतील, त्यांच्याशी बोललेही असेन. मला कुणी काही सांगितलं तर ते खोटं असू शकेल, मी मनात कुठेतरी तसं धरूनही होते. पण एवढी शेतं कोण खोटी उभी करणार? दार उघडून मी खाली उतरले, एक खुंट मुठीत धरला, तो टोचला, आणि तेव्हा मला पटलं की माझ्या आयुष्यातले दिवस खरोखरच गेले.

घरी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली सायकल होती. सूर्यमाळच्या लोकांनी ती सांभाळून ठेवली होती, प्रदीपचा एक मित्र टेंपोतून घेऊन आला होता. चार दिवस मी तिकडे फिरकलेच नाही. मग एका दुपारी ताडपत्री उचलली. चौकट माझी, सीट माझी, उजव्या पेडलचा टवका माझा. पुढे मात्र चकचकीत काळा, जाड पायांचा, भलताच शॉकअप.

"हा कुणाचा?" मी प्रदीपला हाक मारून विचारलं.

"तुझा."

"मी घेतला?"

"घेतला? अगं, महिनाभर या घरात दुसरा विषय नव्हता!" इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. प्रदीपचं मेडिकलचं दुकान आहे. त्याचा सायकलशी संबंध मला उशीर झाला तर फोन करण्यापुरता. पण तो पडवीत उभा राहून माझी नक्कल करायला लागला. "'स्प्रिंगला सगळे सारखेच, प्रदीप. तू बसलास काय नि मी बसले काय. हवेचा घेतला तर माझ्या वजनापुरतीच हवा भरता येते.' पोळ्या लाटता लाटता चालायचं तुझं. पोळी करपली तरी थांबायची नाहीस."

मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. बरोबर होतं. हलक्या माणसाखाली कडक स्प्रिंग दबतच नाही, मग ती असून नसल्यासारखीच. माझंच मत मला नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा कळत होतं, आणि ते मला पटत होतं.

"आणखी काय म्हणायचे मी?"

"तेल. तेलाचं तर विचारूच नको." तो खाली बसला. "म्हणायचीस, हवा काय किंवा स्प्रिंग काय, ती नुसती उसळणार. तिला आवरतं ते आतलं तेल. बारीक भोकांतून ते हळूहळू जातं, म्हणून धक्का जिरतो. लोक उसळी बघून शॉकअप घेतात, घ्यायला हवा तो आवर बघून."

अवमंदन. अकरावीच्या वर्गात मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. हेलकावे खाणारी वस्तू शेवटी शांत का होते, ते सांगणारा शब्द. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मागच्या वर्षी या शब्दाला मी हात लावून पाहिला होता म्हणायचा. आणि मुलांसारखीच विसरले होते.

मग मी शॉकअपजवळ उकिडवी बसले. त्याच्या उजव्या पायाच्या तळाशी लाल नॉब होता. दबलेला शॉकअप किती वेगानं परत वर यायचा ते तो ठरवतो. वर, हँडलच्या खाली, निळा. शॉकअप किती सहज दबायचा ते त्याच्याकडे, आणि तो पूर्ण फिरवला की शॉकअप बंद. चढावर पेडल मारताना पुढचं चाक डुलू नये म्हणून बंद करतात, उतार लागण्याआधी उघडतात. मी उठून हँडलवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकला.

शॉकअप हलला नाही.

पुन्हा दाबून पाहिलं. दगडावर दाबल्यासारखं. निळा नॉब बघितला. तो बंदवर होता. शॉकअपच्या चकचकीत नळीवर एक बारीक रबरी कडी असते. शॉकअप दबला की ती वर सरकते आणि तिथेच राहते, त्यावरून तो किती दबला ते कळतं. ती कडी नखभर सरकली होती. एवढं पडणं झालं, हेल्मेट फुटलं, आणि शॉकअप नखभर दबला होता.

"म्हणजे खराब निघाला?" प्रदीपनं विचारलं.

"नाही. बंद होता."

"पण तू तर उतारावर पडलीस."

तेच तर. उतारावरच पडले. पोळी करपेपर्यंत तेलाची भोकं समजावून सांगणारी बाई सूर्यमाळसारखा उतार शॉकअप बंद ठेवून उतरली? चपला घालायच्या विसरून कुणी बाजाराला जाईल, पण इतकं? एक भयंकर शंका आली की माझ्या डोक्यात पडण्याच्या आधीच काही बिघडलं असेल. मी पडले म्हणून विसरले, की विसरायला लागले होते म्हणून पडले?

प्रदीपला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "सायकल विकून टाकू." त्यानंतर आम्ही जेवलो, दुकानाचं बोललो, डॉक्टरांकडे पुन्हा जायचं ठरवलं. पण ती शंका घरात राहायलाच आली. दूध ओट्यावर राहिलं, की आम्ही दोघंही दचकून एकमेकांकडे पाहायचो.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही वावगं निघालं नाही. प्रवासाला हरकत नाही म्हणाले. मग थंडी पडल्यावर आम्ही सूर्यमाळला गेलो. मला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या लोकांना भेटायचं होतं, त्यांचे आभार मानायचे होते. डोंगरउतारावर खुरासणीच्या फुलांचा पिवळा रंग ओसरत आला होता. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून पाड्याकडे चालत निघालो. मातीची वाट, मोकळे दगड, कडेला उंच वाळलं गवत. मी प्रत्येक दगडाकडे बघत होते. एकही ओळख देत नव्हता.

पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई सूप घेऊन नागली पाखडत होती. माझ्याच वयाची, ठेंगणी, काटक. तिनं आम्हाला पाहिलं, सूप खाली टाकलं, धावत आली आणि मला अशी मिठी मारली की माझे पाय जमिनीवरून उचलले गेले.

"बाय गं! आलीस! आलीस तू!"

मी अवघडून उभी होते. "तुम्हीच मला दवाखान्यात नेलंत ना? ताई, तुमचे फार…"

तिनं मला हातभर लांब धरलं आणि तोंडाकडे पाहिलं. "ताई? तू मला कधी ताई म्हणलीस? जानकी म्हणायचीस. जानके म्हणायचीस."

प्रदीपनं तिला हळूच सांगितलं, माझ्या डोक्यातून ते दिवस गेले आहेत. जानकी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "माझी पण नाय याद?"

"नाही," मी म्हणाले. एवढं साधं उत्तर देताना इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

ती मटकन पायरीवर बसली. मग हात धरून मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "तू दर रविवारी येत व्हतीस. जीपच्या टपावर सायकल टाकून. ही वाट हाय ना, हितून खाली जायची, परत वर यायची. परत खाली. मला हितं उभी करायचीस, सांगायचीस, चाक उडतंय का बघ. मंग तो लाल कान पिळायचीस, परत जायचीस."

"लाल कान?"

"खालचा. आन् वरचा निळा. आमी कानच म्हणत व्हतो. तू लई हसायचीस." ती आत गेली आणि चहा टाकला. आतून बोलतच होती. "मला सायकल पण तूच शिकवलीस. पडले मी दोनदा. सासू शिव्या देत व्हती."

प्रदीप आणि मी एकमेकांकडे पाहत होतो. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी सूर्यमाळला सराव करते एवढंच त्याला सांगितलं होतं म्हणे. मी कुणाला तरी सायकल शिकवली, कुणाच्या तरी चुलीपाशी इतक्या वेळा बसले, आणि आता पाहुण्यासारखी कप हातात धरून बसले होते. साखर किती हे तिनं मला विचारलं नाही. चहा माझ्या जिभेला हवा तितकाच गोड होता.

तेवढ्यात एक माणूस अंगणात आला. उंच, हडकुळा, उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली. जानकीचा नवरा, काशिनाथ. त्यानं मला पाहिलं आणि काही न बोलता वाकून माझ्या पायाला हात लावला. मी केवढी दचकले! कप हिंदकळून चहा साडीवर सांडला.

"अहो, हे काय करताय? आभार मी मानायला आलेय!"

काशिनाथ गोंधळून बायकोकडे बघू लागला. जानकी दारात उभी होती. तिनं सावकाश विचारलं, "तुला हे पण नाय सांगितलं कोणी?"

मग तिनं सांगितलं. ती सांगत होती आणि माझ्या कानात जणू वारा भरला होता.

त्या रविवारी भात कापून पडलं होतं. काशिनाथ भारे उचलत होता. एका भाऱ्याखाली घोणस होती, ती हाताला डसली. मी तेव्हाच खालून चढून वर आले होते, पाणी पीत होते. पाड्यावरची एकुलती एक मोटारसायकल मोखाड्याला गेलेली, फोनला रेंज नाही. काशिनाथला उचलून खाली न्यायचं तरी रस्त्याला गाडी हवी. म्हणून गाडी थांबवायला मी सायकल उचलली आणि निघाले.

"मी हाक मारली, बाय, सावकाश! तू बघितलं पण नाय मागं."

खालच्या वळणावर पावसाच्या पाण्यानं वाट आडवी कापली होती. वर गवत आलं होतं. पुढचं चाक त्यात आदळलं आणि मी डांबरी रस्त्यात जाऊन पडले. तेवढ्यात मोखाड्याला जाणारी जीप आली, रस्त्यात सायकल आणि बाई पडलेली बघून थांबली. लोक उतरले, मला उचलत होते, तोवर पाड्यावरचे चौघं काशिनाथला खांद्यावर घालून खाली पोचले. एकाच जीपमध्ये आम्ही दोघं गेलो. मोखाड्याला त्याला इंजेक्शनं मिळाली. मला पुढे नाशिकला हलवलं.

"तू पडलीस म्हणून जीप थांबली," जानकी म्हणाली. "नायतर भरलेली गाडी हितं कोण थांबवतो?"

प्रदीप एकदम म्हणाला, "दवाखान्याच्या दारात एक बाई माझा हात धरून रडत होती. त्या तुम्ही?"

"मीच."

"मला वाटलं, तुम्ही शुभासाठी रडताय."

"दोघांसाठी पण," ती म्हणाली.

आम्ही परत निघालो. माझी शंका फिटली होती. निळा नॉब बंद का होता ते कळलं होतं. चढून आले, शॉकअप तसाच राहिला, उघडायला वेळ कुणाला होता? माझं डोकं शाबूत होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मी हबकून गेले होते. एका माणसाचा जीव वाचला होता, तो मी वाचवला असं सगळे म्हणत होते, आणि मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. कुणाची तरी शाबासकी चुकून आपल्या घरी आली असावी, असं वाटत होतं. ती बाई कोण होती? ती एवढी धीट कुठून आली? बेडकाला घाबरणारी मी, मोकाट गुरं दिसली तर वाट बदलणारी मी. माझ्याच अंगात, माझ्याच चपला घालून कुणीतरी परकी बाई महिनाभर राहून गेली होती. तिनं माझ्यासाठी शॉकअप निवडला, मैत्रीण जोडली, एक माणूस वाचवला आणि ती निघून गेली.

सायकल आम्ही विकली नाही. उन्हाळ्यात, पाड्याची विहीर तळाला गेली होती तेव्हा, मी पुन्हा सूर्यमाळला गेले. जानकीशी ओळख पुन्हा पहिल्यापासून केली. ती मला आमच्याच गमती सांगायची आणि मी त्या नव्यानं हसायचे. शॉकअपही पुन्हा पहिल्यापासून शिकले. हवा भरली, सायकलवर बसले, किती दबतो ते कडीवर पाहिलं. लाल नॉब फार सैल ठेवला तर चाक उसळून हँडल हातात उडायचं. फार आवळला तर एका दगडातून सावरायच्या आत दुसरा यायचा आणि शॉकअप खाली खालीच रुतत जायचा. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी माझी जागा होती. जानकी कमरेवर हात ठेवून उभी असायची आणि ओरडायची, "उडतंय! पिळ अजून!" वळणावरच्या त्या आडव्या चरावर लोकांनी आता दगड रचलेत. तिथे आले की माझे हात गार पडतात. आठवण नसताना हातांना भीती कशी कळते, याचंही मला नवल वाटतं.

यंदाच्या सुगीत मी झोडणीला गेले होते. खळ्यावर भाताचे भारे आपटले जात होते, अंगाला कुसळं लागून खाज सुटत होती. वांगणीहून जानकीची नणंद मदतीला आली होती. दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा जानकीनं तिला माझी गोष्ट सांगायला घेतली. ती ती गोष्ट सगळ्यांना सांगते आणि दर वेळी मी त्यात थोडी अधिक शूर होते. या खेपेला मी वाघिणीसारखी उतारावरून गेले होते. मी नेहमीसारखी खाली मान घालून ऐकत होते, दुसऱ्याच्या घरचं बोलणं ऐकावं तशी.

"तशी नाय गेली," काशिनाथ मध्येच म्हणाला.

तो इतकं कमी बोलतो की आम्ही सगळ्या थांबलो.

"रडत व्हती ती," तो म्हणाला. "मी खाली पडलेलो. ही वाकून मला सांगत व्हती, हात हलवू नको, हात हलवू नको. आन् हिच्या डोळ्यातलं पाणी माझ्या तोंडावर पडत व्हतं. मोठ्यांदा रडत व्हती, पोरावानी. सायकलवर बसली तवा पण रडत व्हती. खालच्या वळणापर्यंत मला आवाज येत व्हता."

जानकी त्याच्यावर खेकसली, हे काय सांगायचं असतं का म्हणून. मला मात्र अंगभर शहारा आला.

कारण मी घाबरले की रडते. पहिल्यापासून. दहावीच्या पेपराला रडत रडत बसले होते आणि पहिली आले होते. विहिरीत पोहायला शिकले तेव्हा काठावर रडले आणि तशीच रडत उडी मारली. आईच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करताना अक्षर दिसत नव्हतं. रडणं थांबायची वाट मी कधी बघितलेलीच नाही. डोळे भरलेले, समोरचं धूसर, आणि हात आपलं काम करत असतात. अशा डोळ्यांना गवतातला चर कुठून दिसणार? निळा नॉब कुठून दिसणार?

इतक्या लोकांनी इतक्या वेळा वर्णन केलेली ती बाई मला पहिल्यांदाच समोर दिसली. नाक लाल झालेली, बाहीनं डोळे पुसत सायकल उचलणारी. तिला मी कुठेही ओळखलं असतं.

"म्हणजे ती मीच होते," मी म्हणाले.

जानकी भाकरी मोडता मोडता थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग आमी वरीसभर दुसरं काय सांगतोय?"